गर्भाशय तिचे, सही कोणाची?

सरकारमान्य केंद्रात गर्भपात करून घेण्यापूर्वी बाईला ‘फॉर्म सी’ भरावा लागतो. छोटासा कागद आहे: नाव, वय, पत्ता, ‘माझी संमती आहे’ असे एक वाक्य, आणि खाली तिची सही किंवा अंगठा. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्या, मानसिक आजार नसलेल्या बाईच्या बाबतीत कायद्याला आणखी कोणाचीही संमती लागत नाही. नवऱ्याच्या सहीसाठी त्या कागदावर जागाच नाही. तरीही खिडकीवर पहिला प्रश्न येतो, “ताई, मिस्टर कुठे आहेत? त्यांना घेऊन या.” नवरा परगावी असेल, बाई विधवा असेल, लग्नच झालेले नसेल, तर आई, सासू, भाऊ, कोणीतरी ‘जबाबदार माणूस’ मागितला जातो. या धावपळीत दोन-तीन आठवडे निघून जातात, आणि तेवढ्यात गोळ्यांवर भागणारे काम शस्त्रक्रियेवर जाते.

कायद्यात नसलेली ही सही येते कुठून? कर्मचाऱ्यांना माहिती नाही, एवढे म्हणून भागत नाही. आपल्याकडे गर्भनिरोधन आणि गर्भपात या दोन्ही गोष्टी बाईचा हक्क म्हणून आल्या नाहीत. पहिली आली देशाची लोकसंख्या कमी करण्यासाठी, दुसरी आली डॉक्टरला तुरुंगापासून वाचवण्यासाठी. बाईला त्यांचा उपयोग झाला, खूप झाला, पण निर्णय तिचा आहे असे कुठेच स्पष्ट लिहिले गेले नाही. पारतंत्र्यातून बाहेर पडलेल्या बऱ्याच देशांची हीच अडचण आहे, आणि तिथल्या स्त्रीवादी चळवळींचा मूळ मुद्दाही हाच.

एक कलम, तीन देश

१८६० मध्ये ब्रिटिशांनी भारतीय दंड संहिता आणली. तिच्या कलम ३१२ नुसार गर्भपात घडवून आणणे हा गुन्हा ठरला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत; पोटात गर्भाची हालचाल सुरू झालेली असेल तर सात वर्षांपर्यंत. अपवाद एकच, बाईचा जीव वाचवणे. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा याच कलमात गुन्हेगार. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. कलमाचा आकडा ८८ झाला, मजकूर जवळपास तोच राहिला.

या कायद्याची झळ सगळ्यांत आधी विधवांना बसली. पुनर्विवाह समाजाला मान्य नाही, घरातल्याच पुरुषापासून दिवस गेलेले, गर्भ पाडला तर गुन्हा आणि मूल मारले तर फाशी. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले ते याच कोंडीसाठी: विधवेने गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा तिथेच ठेवावे. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांत बायकांच्या ‘अनीती’वर लेखांचा पाऊस पडला. त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये पुस्तक लिहून सडेतोड उत्तर दिले. त्यांचा प्रश्न आजही तसाच उभा आहे: पोटात गर्भ आला तो एकटीच्या दोषाने आला का?

ब्रिटिश गेले, कलम ३१२ राहिले, आणि तीन देशांनी त्याचे तीन वेगळे मार्ग काढले. पाकिस्तानने १९९० मध्ये ते बदलून इस्लामी न्यायशास्त्राच्या भाषेत लिहिले: गर्भाचे अवयव तयार होण्यापूर्वी ‘आवश्यक उपचारा’साठी गर्भपात चालतो, त्यानंतर फक्त जीव वाचवण्यासाठी. बांगलादेशाने कलमाला हातच लावला नाही. तिथे १९७९ पासून सरकारी कुटुंबनियोजनात ‘पाळी नियमित करणे’ ही सेवा दिली जाते. पाळी चुकली की केंद्रात जायचे, गर्भ आहे की नाही हे न ठरवताच हाताने चालणाऱ्या सिरिंजने गर्भाशय रिकामे करायचे. शेवटच्या पाळीपासून १० ते १२ आठवड्यांपर्यंत हे होते, आणि बरेचसे काम प्रशिक्षित आरोग्यसेविका करतात. गर्भ सिद्ध झालेला नाही, म्हणून गर्भपाताचा गुन्हाही नाही. खेड्यापाड्यांतल्या असंख्य बायकांना या वाटेने सुरक्षित सेवा मिळाली. पण ती सेवा आहे, हक्क नाही. केंद्राने नकार दिला तर बाईला दाद मागता येत नाही.

भारताने तिसरी वाट धरली, तिची मुळे कुटुंबनियोजनाच्या इतिहासात आहेत.

संततिनियमन आणि लोकसंख्यानियंत्रण

हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. स्त्रीवादी विचारात त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. संततिनियमन म्हणजे बाईने (किंवा जोडप्याने) आपल्यापुरते ठरवणे. लोकसंख्यानियंत्रण म्हणजे कोणाला किती मुले व्हावीत हे सरकारने ठरवणे. औषधे आणि साधने दोन्हींकडे तीच असतात, फरक असतो तो ठरवणारा कोण आहे यात.

महाराष्ट्रात सुरुवात पहिल्या वाटेने झाली. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. त्यापायी प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या साधनांचा सरकारने प्रसार करावा असा ठराव मांडला. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून जास्त मुलाला कोणी तयार झाला नसता, असा त्या भाषणातला युक्तिवाद होता. ठराव फेटाळला गेला. अर्थात त्या काळच्या चळवळीत ‘सुप्रजनना’चाही विचार मिसळलेला होता: कोणत्या लोकांनी मुले होऊ द्यावीत आणि कोणत्यांनी नाही. पुढे सरकारने जो कार्यक्रम राबवला त्यात हा दुसरा धागाच जाड होत गेला, असे म्हणावे लागते.

१९५२ मध्ये भारताने सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. असा राष्ट्रीय कार्यक्रम घेणारा हा जगातला पहिला देश. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून उद्दिष्टे आली: प्रत्येक आरोग्य केंद्राला इतक्या तांबी, इतक्या नसबंदी. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, बहुसंख्य पुरुषांच्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही.

१९७७ मध्ये सरकार पडले आणि राजकारण्यांनी धडा घेतला, पण अर्धाच. पुरुषांच्या नसबंदीला हात लावायचा नाही, एवढेच ते शिकले. कार्यक्रमाचे नाव ‘कुटुंबकल्याण’ झाले आणि सगळा भार बायकांवर आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांचे ऑपरेशन झालेले आढळले. पुरुष नसबंदीवर विसंबणाऱ्या जोडप्यांचे प्रमाण होते ०.३ टक्के. खरे तर पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी दहा-पंधरा मिनिटांत, त्या जागेपुरती भूल देऊन होते, पोट उघडावे लागत नाही. फक्त ती लगेच लागू पडत नाही: तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्य तपासून शुक्राणू उरले नाहीत याची खात्री करायची. ही तीन महिन्यांची गोष्ट नीट सांगितली जात नाही, मधल्या काळात दिवस राहतात, आणि संशय बाईवर येतो.

तीस शस्त्रक्रियांचे गणित

उद्दिष्टे एप्रिल १९९६ मध्ये कागदावरून गेली, पण नसबंदीची शिबिरे चालूच राहिली. शिबिरात बायका का मरतात हे समजायला दुर्बिणीचा हिशेब पुरेसा आहे. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ती दुर्बीण धुऊन ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकाच्या दोन टक्के द्रावणात २० मिनिटे बुडवून ठेवायची असते. म्हणून सरकारी नियम असा की एका सर्जनच्या पथकाने दिवसात ३० पेक्षा जास्त शस्त्रक्रिया करू नयेत, आणि त्यासाठी तीन दुर्बिणी हव्यात; एका दुर्बिणीवर जास्तीत जास्त दहा.

नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका बंद पडलेल्या रुग्णालयात एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांची शस्त्रक्रिया केली. त्या दिवसांतल्या शिबिरांमधल्या १३ जणी दगावल्या. जंतुसंसर्ग की नंतर दिलेल्या गोळ्यांतली भेसळ, यावर वाद झाला. पण ८३ हा आकडाच सांगतो की दुर्बीण वीस-वीस मिनिटे बुडवून ठेवायला वेळ नव्हता. त्याआधी जानेवारी २०१२ मध्ये बिहारच्या अररिया जिल्ह्यात ५३ बायकांची शस्त्रक्रिया एका शाळेत, रात्री, बाकांवर, बॅटरीच्या उजेडात दोन तासांत उरकली गेली. त्या प्रकरणावरच्या देविका बिश्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ रोजी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले.

शस्त्रक्रिया फसण्याची शक्यता कमी असली तरी शून्य नसते. हरियाणातल्या संत्रा या मजूर बाईला पूर्ण शस्त्रक्रिया झाल्याचे सांगितले गेले, प्रत्यक्षात दोनपैकी एकच बीजवाहक नळी बांधली होती. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई दिली. २००५ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की केवळ शस्त्रक्रिया फसली म्हणून डॉक्टरचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. म्हणून प्रमाणपत्र मागून घ्यावे, जपून ठेवावे, आणि नंतर पाळी चुकली तर ‘माझे तर ऑपरेशन झालेय’ म्हणून थांबू नये. अशा वेळी गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असण्याचा धोका जास्त असतो. सरकारी भरपाई योजनाही याच प्रमाणपत्रावर चालते.

इंजेक्शन नको म्हणणाऱ्या बायका

गर्भनिरोधक इंजेक्शनांना स्त्री संघटनांनी विरोध का केला, हे आजच्या तरुण मुलींना कोड्यात टाकते. १९८० च्या दशकात नेट-एन या इंजेक्शनाच्या चाचण्या झाल्या. हैदराबादजवळ पाटनचेरू इथे १९८५ मध्ये संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या लक्षात आले की बायकांना ही चाचणी आहे हेच धड सांगितलेले नाही. स्त्री शक्ती संघटना, सहेली आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यांनी एक साधी कसोटी पुढे ठेवली: साधनावर ताबा कोणाचा? निरोध किंवा गोळी बाई वा जोडपे स्वतः थांबवू शकते. तांबी काढायला आरोग्य केंद्रात जावे लागते, पण काढता येते. इंजेक्शन एकदा टोचले की त्रास झाला तरी दोन-तीन महिने परत घेता येत नाही.

२०१७ पासून हेच इंजेक्शनाचे तंत्र ‘अंतरा’ नावाने सरकारी केंद्रांत मोफत मिळते: वेगळे औषध, १५० मिलिग्रॅम, दर तीन महिन्यांनी. पाळी अनियमित होते, काहींची बंदच होते. थांबवल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. चळवळीत यावर एकमत नाही, आणि ते बरेच आहे. नवरा गोळीचे पाकीट फेकून देतो, निरोध वापरत नाही, अशा घरातल्या बाईला कोणाच्या नकळत घेता येणारे इंजेक्शन हीच मोकळीक वाटते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. गडबड होते ती समुपदेशनात: ‘पाळी बंद होईल, घाबरू नका’ हे एक वाक्य सांगितले नाही, तर बाई दिवस गेले या भीतीने धावते किंवा दुसरा डोस चुकवते. त्यासोबतची ‘छाया’ ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली आहे. तिच्यात संप्रेरक नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. वार चुकला की तिचा भरवसा कमी होतो.

१९७१ चा कायदा: वाक्याचा कर्ता पाहा

गर्भपाताचा विचार करायला १९६४ मध्ये समिती नेमली गेली. अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. अडाणी हातांनी केलेल्या गर्भपातात बायका मरत होत्या, हा समितीपुढचा खरा प्रश्न होता. तिच्या अहवालावरून १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला तो त्यानंतर, १९७३ मध्ये. आपला कायदा आधीचा, म्हणून आपण पुढारलेले, असे नेहमी सांगितले जाते.

पण कलम ३ चे पहिले वाक्य वाचा. दंड संहितेत काहीही असले तरी, नोंदणीकृत डॉक्टरने या कायद्यानुसार गर्भपात केल्यास तो गुन्ह्यास पात्र ठरणार नाही, असा त्याचा आशय आहे. वाक्याचा कर्ता डॉक्टर आहे. त्याने ‘सद्‌भावनेने’ मत बनवायचे: बाईच्या जिवाला धोका आहे का, शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा होईल का, बाळात गंभीर व्यंग आहे का. दक्षिण आफ्रिकेने वर्णद्वेषी राजवट संपल्यावर १९९६ मध्ये केलेल्या कायद्यात पहिल्या १२ आठवड्यांत गर्भपात ‘बाईच्या विनंतीवरून’ करता येतो. कारण विचारायचे नाही, आणि प्रशिक्षित परिचारिकासुद्धा तो करू शकते. उलट झांबियाने १९७२ मध्ये ब्रिटिश कायद्याची नक्कल करताना तीन डॉक्टरांच्या सह्या मागितल्या, त्यांतला एक तज्ज्ञ. ज्या देशात डॉक्टरच मोजके, तिथे तीन सह्या म्हणजे बहुतेकींसाठी नकारच.

आपल्या कायद्यात साधन फसल्यामुळे राहिलेल्या गर्भाचीही तरतूद १९७१ पासून होती, पण ती ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्यापुरती आणि ‘मुलांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी’. म्हणजे इथेही कुटुंबनियोजनच. २०२१ च्या दुरुस्तीने ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. ही मोठी गोष्ट आहे: अविवाहित मुलीच्या कागदावर आता ‘गर्भनिरोधक साधन अयशस्वी’ एवढे कारण पुरते.

आठवडे मोजताना होणारी चूक

गर्भाचे वय संबंध आला त्या दिवसापासून मोजत नाहीत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. २८ दिवसांची पाळी असेल, तर पाळी चुकते त्या दिवशीच चार आठवडे झालेले असतात. ‘पाळी पंधरा दिवस वर गेली’ म्हणजे सहा आठवडे. गोळ्यांची कायदेशीर मर्यादा नऊ आठवडे, म्हणजे पाळीची तारीख उलटून साधारण पस्तीस दिवस. इतका छोटा हा अवधी आहे आणि त्यातच नवऱ्याची सही शोधायची असते.

गोळ्यांच्या पाकिटात दोन औषधे असतात. आधी मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅमची एक गोळी, मग एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या. डॉक्टरच्या चिठ्ठीवर, तपासणीनंतर, आणि पंधराव्या दिवशी पुन्हा दाखवायचे. चुका ठरलेल्या असतात. आठवडे चुकीचे मोजलेले, दुकानदाराने अर्धीच मात्रा दिलेली, गर्भ नळीत असताना घेतलेल्या गोळ्या. गोळ्या घेऊन रक्त गेलेच नाही, पोटात एका बाजूला असह्य दुखते, चक्कर येते, ताप उतरत नाही, किंवा लागोपाठ दोन तास तासाला दोन मोठे पॅड भिजतात, तर तडक रुग्णालय गाठावे. २०१५ साठी केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा की भारतात वर्षाला सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात होतात आणि त्यांतले ७३ टक्के रुग्णालयाबाहेर, गोळ्यांनी. बायका कायद्याला वळसा घालत आहेत, कारण कायद्याच्या दारात प्रश्न फार विचारतात.

नऊ आठवड्यांनंतर, १२ आठवड्यांपर्यंत नळीने गर्भ ओढून घेण्याची पद्धत वापरतात. ‘पिशवी साफ केली’ म्हणतात ते हेच, पण पुष्कळ ठिकाणी अजून धातूच्या चमच्याने खरवडतात. जागतिक आरोग्य संघटनेने ती पद्धत केव्हाच कालबाह्य ठरवली आहे. ‘नळीने करणार की क्युरेटिंग?’ हे विचारायला कचरू नये.

२० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. २० ते २४ मध्ये दोघांचे, आणि तेही ठरावीक गटांसाठीच: बलात्कार पीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, अपंग, मनोरुग्ण, गर्भात गंभीर व्यंग असलेल्या, आपत्तीत सापडलेल्या. २४ नंतर फक्त मोठ्या व्यंगासाठी, वैद्यकीय मंडळाकडून. मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचे आणि पाच दिवसांत गर्भपात व्हायला हवा. जीव तत्काळ वाचवायचा असेल तर आठवड्यांची अट नाही.

२९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका २५ वर्षांच्या अविवाहित तरुणीच्या प्रकरणात तीन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या. २० ते २४ आठवड्यांच्या तरतुदीत अविवाहित स्त्रियाही येतात. या कायद्यापुरता ‘बलात्कार’ या शब्दात नवऱ्याने केलेला बलात्कारही येतो. आणि डॉक्टरांनी कायद्यात नसलेल्या अटी, म्हणजे घरच्यांची संमती, कागदपत्रे, कोर्टाचा हुकूम, घालू नयेत. खिडकीवर कोणी नवऱ्याची सही मागितली तर हा निकाल तारखेसह सांगावा आणि नकार लेखी मागावा. लेखी नकार द्यायची वेळ आली की बऱ्याचदा सूर बदलतो. नाव फोडण्याची भीती असेल तर: गुप्तता मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. मुलगी १८ च्या आतली असेल तर पालकाची संमती आणि पोलिसांना कळवणे लागते. पण तिने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने तिचे नाव कळवण्याची गरज नाही, असेही त्याच निकालात आहे.

निकाल मात्र एका रेषेत जात नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांच्या आईला, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर उपचार सुरू असताना, २६ व्या आठवड्यात आधी परवानगी मिळाली आणि मग नाकारली गेली. डॉक्टर आणि न्यायाधीश सहृदय भेटले तर होय, नाहीतर नाही. अशा सवलतीला हक्क म्हणणे अवघड आहे.

‘भ्रूणहत्या’ हा शब्द का नको

मुलगी नको म्हणून केलेल्या गर्भपाताविरुद्ध मुंबईतल्या स्त्री संघटना आणि डॉक्टर १९८० च्या दशकात उभे राहिले, त्यातून १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. लढाई रास्तच होती आणि आहे.

पण प्रचारात ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द रुळला, भिंतीभिंतींवर ‘आई, मला मारू नकोस’ लिहिले गेले, आणि गर्भपात म्हणजेच खून अशी समजूत पक्की झाली. म्हणून जाणत्या कार्यकर्त्या ‘गर्भलिंगनिवड’ म्हणतात. गुन्हा लिंग तपासण्यात आहे, गर्भपातात नाही. हा फरक पुसल्यामुळे १२ आठवड्यांनंतरच्या बाईला पाहताच अनेक डॉक्टर हात वर करतात, तिला दोन मुली असतील तर विचारूच नका. औषध दुकानांवर धाडी पडल्या, दुकानदारांनी गोळ्या ठेवणे सोडले. यात साधे गणित चुकले आहे: गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच चालतात, आणि सोनोग्राफीत लिंग दिसायला साधारण १२ ते १४ आठवडे लागतात. गोळ्या बंद करून मुली वाचत नाहीत.

तिसरे मूल आणि सरपंचपद

महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झालेल्या व्यक्तीला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. हरियाणाचा असाच नियम सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये वैध ठरवला. हरियाणाने तो नंतर स्वतःच मागे घेतला. स्त्रीवादी आक्षेप थेट आहे. पन्नास टक्के जागा बायकांना दिल्या, पण मुलगा होईपर्यंत थांबायचे नाही हे बहुतेक घरांत ती ठरवत नाही. पद मात्र तिचे जाते.

पिशवी

गर्भपाताच्या हक्काबद्दल बोलताना वापरला जाणारा ‘निवड’ हा शब्द अपुरा का पडतो हे बीडच्या ऊसतोड कामगार बायकांकडे पाहिले की कळते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कोणी पकडून नेले नव्हते. संमतीपत्रांवर त्यांच्याच सह्या किंवा अंगठे होते.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. मुकादमाकडून हंगामाआधी ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. एक दिवस काम चुकले की ‘खाडा’, त्याचे पैसे कापले जातात. फडाशेजारच्या पालात ना संडास, ना पुरेसे पाणी. पाळीत कापड बदलायला आडोसा नाही, मोळ्या उचलून ओटीपोट दुखते, अंगावरून पांढरे जाते, जंतुसंसर्ग होतो. प्रतिजैविकांच्या एका कोर्सने बरा होणारा त्रास घेऊन बाई खासगी दवाखान्यात जाते. तिथे ‘पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल’ असे सांगितले जाते. दोन-तीन मुले झालेली, ऑपरेशनही झालेले. पिशवी गेली तर पाळीही जाईल आणि खाडेही. पंचविशी-तिशीतच पिशवी निघते. सोबत अंडाशयही काढले तर शरीराला एकदम रजोनिवृत्ती येते: अंगातून वाफा, झोप नाही, हाडे ठिसूळ. आणि शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी मुकादमाकडून आणखी उचल, म्हणजे पुढच्या वर्षीही ऊस तोडायला जाणे आलेच.

या प्रकरणानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. पुन्हा एक सही वाढली. ती काही बायकांना वाचवील. पण पालाजवळ संडास आणि खाड्याशिवाय महिन्याला दोन दिवस सुट्टी यांची जागा ती घेऊ शकत नाही. ऊसतोड बायकांमध्ये काम करणाऱ्या महिला किसान अधिकार मंचासारख्या गटांचे म्हणणे असे की बाईची कामगार म्हणून स्वतंत्र नोंद व्हावी आणि मजुरी तिच्या खात्यात जावी. आज अर्धा कोयता ती चालवते, आणि मुकादमाच्या वहीत उचलीपुढे बहुधा नवऱ्याचे नाव असते.